पर्जन्यमापकाची दुसरी किल्ली

चहाचा पेला हातात आला की साईं आधी तो डोळ्यांच्या रेषेत धरायचे, एक डोळा मिटायचे आणि चहा कुठवर आहे ते बघायचे. मगच पहिला घोट. चहावाला वैतागायचा, "साईं, कमी नाही देत मी!" त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, "मापाशिवाय बोलायचं नाही."

ते सगळ्यांना साईं म्हणत, म्हणून आम्हीही त्यांना साईंच म्हणायचो. फाळणीत कराची सोडून उल्हासनगरच्या छावणीत आले तेव्हा पन्नाशीला टेकले होते. अर्ध्या बराकीत सगळं कुटुंब, मध्ये गोणपाटाचा पडदा. बरेच दिवस हाताला काम नव्हतं. मग छावणीच्या कचेरीत पर्जन्यमापक आला आणि रोज सकाळी पाऊस मोजायची हंगामी नोकरी त्यांना मिळाली. मी अंबरनाथहून येणारा कारकून. त्यांनी सांगितलेला आकडा तारेने मुंबईच्या वेधशाळेला कळवायचा, हे माझं काम.

पर्जन्यमापक म्हणजे काय हो, वर नरसाळं आणि आत बाटली. साईं मात्र त्याला देव्हाऱ्यासारखं जपत. आषाढात एका रात्री पाऊस असा कोसळला की सकाळी बाटली भरून बाहेरच्या डब्यातही पाणी उतरलं होतं. तुम्हाआम्हाला त्यात नवल ते काय? पण साईंनी कपाळाला हात लावला.

"ये मुमकिनच नाही, साईं. आमच्या कराचीत पूर्ण सालात एवढा पडत नाही. कोणीतरी पाणी ओतलं!"

आणि शेजारच्या नळावर रांगेत उभ्या असलेल्या लोकांकडे रोखून बघत त्यांनी सगळं पाणी फेकून दिलं. त्या दिवशी तारेत 'मोजमाप नाही' एवढंच गेलं.

कचेरीत भाजी घेऊन येणारी पालेगावची म्हातारी म्हणाली, "अवरा पानी त दरसाल परतं, बाबा!"

"तुम्ही माप केलं होतं का?" साईंनी विचारलं. ती बिचारी पुन्हा भेंडी निवडू लागली.

साईंनी पर्जन्यमापकाभोवती तारेचं कुंपण घालून घेतलं आणि फाटकाला कुलूप ठोकलं. एक किल्ली त्यांच्या कमरेला, दुसरी कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे माझ्याकडे. त्याच आठवड्यात पुन्हा तोच प्रकार. कुलूप जागच्या जागी आणि बाटली काठोकाठ. माझ्या टेबलावरच्या किल्लीकडे साईंनी एकदा बघितलं आणि चहाला एकटेच गेले.

मला आधी राग आला, मग फार वाईट वाटलं. घरदार मागे टाकून आलेल्या या माणसाला वाटत होतं की इथले लोक आपली टिंगल करताहेत, आणि त्यात मीही आहे. शपथ घ्यायची माझी तयारी होती. पण शपथेचं माप कुठून आणायचं?

तेवढ्यात वेधशाळेकडून विचारणा आली. अंबरनाथला धो धो पाऊस, मग तुमच्याकडे मोजमाप का नाही? पाठोपाठ एक निरीक्षक आले. नोकरी गेली, असं साईंनी धरूनच ठेवलं होतं. धुतलेला कोट घालून ते समोर उभे राहिले.

"साहेब, चोरून ओतलेलं पाणी मी लिहिणार नाही."

निरीक्षक भला माणूस. त्यांनी बाटली रिकामी करवली, कुलूप साईंकडूनच लावून घेतलं, दोन्ही किल्ल्या आपल्या खिशात टाकल्या आणि म्हणाले, "आता बसा दोघंही माझ्याबरोबर." भरदुपारी अंधारून आलं होतं. व्हरांड्यात खुर्च्या टाकून आम्ही तिघे कुंपणाकडे बघत बसलो. पाऊस आला तो मुसळधारच. बऱ्याच वेळाने तो थोडा ओसरला तेव्हा निरीक्षकांनी किल्ली दिली. साईं भिजत गेले, पाणी काचेच्या मापात ओतलं आणि माप डोळ्यांसमोर धरलं. मग पुन्हा भरलं, पुन्हा धरलं.

"कोणी आलं नाही," ते म्हणाले. "कोणीच ओतलं नाही. आभाळच आहे, साईं!"

आणि माझा हात घट्ट धरून हसायला लागले. हसता हसताच डोळे पुसले. निरीक्षक "यापुढे सापडेल तेवढं लिहा" म्हणाले, म्हणजे नोकरी राहिली, हे त्यांच्या ध्यानात नंतर आलं. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला. त्या दिवशीचा चहा साईंनी पाजला, तो मात्र न मोजता.

पुढे तर त्यांना इथल्या पावसाचा अभिमानच चढला. रोज सकाळी नळावरच्या बायकांना आकडा असा ऐकवायचे, जणू यांनीच पाडलाय! भाजीवालीलाही सांगून टाकलं, "मावशी, तुमचं माप बरोबर होतं."

काही वर्षांनी त्यांच्या मुलाला राजस्थानात नोकरी लागली आणि साईं निघाले. जाताना कमरेची किल्ली काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

"आता दोन्ही तुमच्याकडे. बाटली भरली तर नाव कोणाचं घेणार?"

त्या आषाढात एका सकाळी कुलूप मीच काढलं. बाटली भरून वाहत होती. काचेचं माप डोळ्यांसमोर धरलं, एक डोळा मिटला आणि क्षणभर फार वाटलं, कोणीतरी येऊन ओतून गेलेलं असावं.