पहिल्या गाडीचा नारळ

बसा. चहा येईपर्यंत माझी फजिती ऐकून घ्या. नाहीतरी आमच्या पार्से गावातल्या कुठल्याही दुकानावर ती तुम्हाला ऐकायला मिळेलच, आणि तिथले लोक मीठ कमी नि मसाला जास्त घालतात. माझ्या तोंडून ऐकलीत तर निदान त्यातलं खोटं तरी माझं स्वतःचं असेल!

जन्मभर मी दुसऱ्यांच्या फजित्या केल्या. शाळेत गेलो चौथीपर्यंत, तेही मास्तरांच्या खुर्चीला खाजकुइली लावायला. असा मी. आणि माझं नाक कापलं कोणी? एका वीतभर आगगाडीने!

झालं काय, एके सकाळी डिचोलीचे एक श्रीधरबाब माझ्या दारात येऊन उभे राहिले. खाणीच्या कचेरीत नकाशे काढण्यात जन्म गेला, आता निवृत्त. काखेत वही, गळ्यात चष्मा, हातात मोजपट्टी. मला वाटलं, जमीन मोजायला आला! मी आधी जाऊन कुंपणापाशी उभा राहिलो.

"सगुणभाऊ," ते म्हणाले, "पेडण्यात पहिली रेल्वे आली, तो दिवस मी उभा करतोय. रूळ, स्टेशन, झाडं, माणसं, सगळं जसंच्या तसं. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं."

"म्हणजे केवढं?"

"माणूस तुमच्या बोटाच्या पेराएवढा."

आता सांगा! ज्या वयात नातवाची आगगाडी आपल्या पायाखाली येऊन मोडायची, त्या वयात हा गृहस्थ स्वतःची बांधत होता. आणि साधीसुधी नाही, ऐतिहासिक! रुळाकाठची तांबडी माती बरणीत भरून नेली, ती चहाच्या गाळणीने गाळली. फलाटाला चिरे किती ते गुडघ्यावर बसून मोजले. एका काजूच्या झाडापाशी अर्धा दिवस उभा! "हे तेव्हा केवढं होतं?" म्हणून झाडाच्या मालकाला विचारतोय. मालक म्हणाला, "माका माझ्या झिलाचा वय आठवणा नाय, काजीचा खंयसून सांगू?"

मी पहिल्याच दिवशी त्याला एक थाप मारून बघितली. म्हटलं, स्टेशनाखालच्या ओहळात मगर असायची, ती दाखवा. आठ दिवसांनी गृहस्थ परत. "सगुणभाऊ, चार जणांना विचारलं. गाडी मार्चमध्ये आली, आणि मार्चमध्ये त्या ओहळात घोट्याएवढं पाणी असतं. मगर खोडली." आणि वहीत खरंच लाल शाईने खोडलेली! हसूही नाही चेहऱ्यावर.

मग त्याने तो प्रश्न विचारला.

"पहिल्या गाडीला नारळ कोणी फोडला?"

अहो, हा प्रश्न विचारायची गरज? पार्सेतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. नारळ मी फोडला! आमच्याकडे पंप बसवा, ट्रक घ्या, विहीर खणा, आधी देवाला गाऱ्हाणं आणि मग नारळ. आणि जो नारळ फोडतो, त्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या चालतो. माझा हा मान मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात आणि दोनदा तर मयतातसुद्धा सांगितला होता.

फक्त एक माणूस मध्ये कडमडायचा. आमचा दुकानदार उत्तम. तो म्हणायचा, "पयल्या गाडयेक हार मी घातलो. फलाटार." मी म्हणायचो, "घातलो असशीत. पण ती उष्टी गाडी! माझो नारळ तिच्या आदी फुटलेलो." उत्तमच्या गाडीला मोठी माणसं आली होती, बँड होता, सगळा तालुका लोटला होता. मी गेलोच नाही. घरी काजू सुकवत बसलो. उष्ट्या गाडीला कोण जातो?

श्रीधरबाबांनी वही उघडली. "सगळं सांगा. काही सोडू नका."

सोडतोय कशाला! खांबाला टेकून बसलो आणि सुरू झालो. म्हटलं, चहाच्या दुकानात रुळावरच्या कामगारांकडून कळलं, उद्या सकाळी गाडी येणार. बाकीचे अडाणी, ते स्टेशनवर वाट बघत बसले असते. मी शहाणा. देव असो की नवरी, मान शिवेवर करायचा! ढोलवाले घेतले, पंधरावीस माणसं घेतली आणि शिवेपाशी रुळात जाऊन उभा राहिलो. गाडी आली, माणसं बघून थांबली. मी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही लोखंडाची गाडी आज तुझ्या शिवेत येता. हिच्या वाटेत काय वाकडा-नाकडा असात, ता दूर कर आणि हिका सुखरूप मुंबयक पोचव म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" आणि इंजिनानेही भोंगा दिला. इंजिनाने! उत्तमच्या हाराला दिला होता कोणी भोंगा?

"डबे किती होते?" श्रीधरबाब.

"डबे वळणाआड. मी गाऱ्हाणं घालणार की डबे मोजणार?"

"प्रवासी?"

"होते ना! आठदहा जण इंजिनाच्या कडेला लटकलेले. डोक्यावर पिवळ्या टोप्या. पहिली गाडी म्हणून मानाच्या दिल्या असणार. आणि हातात फावडी."

"फावडी?"

"मग? पहिलीच गाडी. वाटेत दरड आली तर उपसणार कोण, तुमचे आजोबा?"

श्रीधरबाबांची पेन्सिल थांबली. डोळे हे एवढे झाले. मला वाटलं, माझ्या आठवणीने दिपला! मग काय, मी आणखी पेटलो.

"आणि नारळ फोडल्यावर गाडी मागे गेली."

"मागे?"

"देवाच्या शिवेला पाठ कशी दाखवील? आपण देवळातून मागे मागे सरकत बाहेर येतो, तशी गेली. लोखंडाला जेवढी अक्कल, तेवढी आमच्या उत्तमला नाही!"

"पुढे रूळ कसे होते?"

"पुढे शंभरएक पावलांवर संपत होते."

आतून भांडं पडल्याचा आवाज झाला. पाठोपाठ बायको, शेवंती, दारात आली. "अवो, पुरे आता. त्या मनशाक चाय तरी पिवूंक दिया."

"तू गप! तुका रेल्वेतला काय कळता? गाडी जसजशी फुडें जाता, तसतसे रूळ घालतत."

माणसाने किती गाढव असावं, याला काही माप? बायकोला कळलं, बहुतेक कुंपणावरच्या मांजरालाही कळलं असेल. मला नाही. श्रीधरबाब तर आनंदाने थरथरत होते. "सगुणभाऊ, हे फार मोलाचं आहे! असा पुरावा कुणाकडे नाही." आणि प्रत्येक पानाखाली माझी सही मागितली. सात पानं, सात सह्या. चौथीपर्यंत शिकल्याचं त्या दिवशी सार्थक झालं. वर मी दरडावून सांगितलं, "मला इंजिनापुढे ठेवा. नारळ वर उचललेला पाहिजे. आणि इतिहास म्हणजे इतिहास, उत्तमला माझ्या आसपास ठेवायचा नाही."

"नाही ठेवणार," ते म्हणाले. आणि शब्दाला जागले हो!

पेडण्याच्या एका शाळेच्या सभागृहात देखावा मांडला. मी नवा सदरा शिवला. सगळं पार्से टेंपोत भरून नेलं. उत्तमला आमंत्रण द्यायला तर त्याच्या दुकानात स्वतः गेलो. म्हटलं, "ये आणि डोळ्यांनी बघ, नारळ कोणाचो ता." तो नुसता हसला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुकानदार गिऱ्हाईक नसताना हसतो कशाला?

आत गेलो. काय मांडलं होतं, खोटं कशाला बोलू! दोन दारं आडवी टाकावी एवढा डोंगर, काजीची झाडं, तांबडी दरड, बोगद्याचं तोंड, फलाट. फलाटावर फुलांनी सजवलेली गाडी, तिच्या डब्यांना जनेलं, जनेलांतून हात हलवणारी माणसं. आणि इंजिनापुढे हार घेऊन कोण? पोट सुटलेला, टक्कल पडलेला, पेराएवढा उत्तम!

माझ्या डोक्यात सणक गेली. "श्रीधरबाब! मी खंय?"

"तुम्ही इकडे," ते म्हणाले आणि मला हाताला धरून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला घेऊन गेले. मग तोंडापुढे माईक धरला. "मंडळी, ती पहिली प्रवासी गाडी. आणि हा तिच्या पुष्कळ आधीचा दिवस. रुळांत खडी टाकणारी कामगारांची गाडी, आणि तिला वाजतगाजत गाऱ्हाणं घालून नारळ फोडणारे आपले सगुणभाऊ! असा देखावा अख्ख्या देशात कुणाकडे नसेल."

सभागृहात मग जे हसू फुटलं! शेवंतीने पदर तोंडात कोंबला. पार्सेचे ढोलवाले, माझेच ढोलवाले, खिडकीला धरून हसत होते. हे त्या दिवशी माझ्यासोबत रुळात उभे होते बरं का! पण आता गाढव मी एकटाच.

"ह्या माणसाक हंयसून काढा," मी त्या पेराएवढ्या सगुणाकडे बोट करून म्हणालो.

श्रीधरबाबांनी वही उघडली. सात पानं, सात सह्या. म्हणाले, "सगुणभाऊ, रेल्वेच्या जुन्या कागदांशीही ताडून पाहिलं. तुमचा शब्द न् शब्द खरा निघाला." जन्मात पहिल्यांदा कोणी माझ्याबद्दल असं म्हटलं, आणि तेही कुठे!

एवढ्यावर थांबला असता तर तो माणूस कसला? टेबलाला एक तांबडं बटण बसवलं होतं. दाबलं की वळणाआडून खडीगाडी यायची, वर पिवळ्या टोप्या, हातात काडीएवढी फावडी. पेराएवढा मी हात उचलायचा, नारळ खाली, भोंगा वाजायचा, आणि गाडी मागे मागे सरकत वळणाआड जायची. फलाटावरच्या सजवलेल्या गाडीकडे बघायला माणूस नाही. तांबड्या बटणापुढे दरवाजापर्यंत रांग!

मी बाहेर आंब्याखाली तोंड लपवून उभा राहिलो. पण आतून भोंगा वाजायचा, लोक हसायचे, परत भोंगा. किती वेळ सोसणार? तासाभराने मान खाली घालून मीही रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. सगळ्यात पुढे उत्तम, त्याची तिसरी खेप. त्याने मागे वळून मला बघितलं. बटणावरचा हात काढला, बाजूला सरकला आणि भर सभागृहात हात जोडून म्हणाला, "सगुणा, फुडें ये. मान तुझो!"

गेलो. दाबलं बटण. नारळ झकास फुटला हो!

मग परत जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिलो.