एक टॉपर, दोन क्लास आणि आमचा शेअर

किस्से कुठंही साचतात, पण पेपरच्या ऑफिसात रद्दीवानी साचतात. आमच्या लातूरच्या पेपरची कंपनी शेअर बाजारात उतरायला निघाली, तवापासून तर ठेवायला जागा न्हाई. मी तिथं पानं लावतो, म्हणून सगळं डोळ्यादेखत घडलंय.

मालक गंगाधरभाऊ मूळचे चाकूरकडचे. गावात सांगून बसले की कंपनीत ज्याला पाहिजे त्याला हिस्सा मिळणार. दुसऱ्याच दिवशी दोन चुलते हिस्सा मागायला ऑफिसात हजर! समजावता समजावता भाऊंनी अख्ख्या भावकीला शेअर घ्यायला लावले. आता पहिल्या दिवशी भाव पडला तर गावात तोंड दाखवायची चोरी, ही धास्ती त्यांना लागली.

पेपर चालायचा बोरगावे सरांच्या कोचिंग क्लासच्या जाहिरातींवर. पहिलं पान रोज त्यांचंच. एकदा पालकमंत्री आतल्या पानावर गेले, कारण पुढं सरांची नवीन बॅच होती.

मग नीटचा निकाल लागला. सरांनी पहिल्या पानावर टॉपर पोरगी झळकवली. तिसऱ्या पानावर दुसऱ्या क्लासनं तीच पोरगी, तोच फोटो. लातुरात हे चालतंच. पोरीला विचारलं तर ती म्हणाली, "बायो सरांकडं, फिजिक्स त्यांच्याकडं. मग फोटो दोघांचाबी न्हाई का?" सर मात्र पेटले. जाहिरात बंद.

शेअरचं काम बघायला मुंबईचे एक साहेब यायचे. ते म्हणाले, सगळ्यात मोठा जाहिरातदार गेला हे कागदावर जाहीर लिहावंच लागतं. भाऊंनी हात जोडले.

"गेले म्हणून नका हो लिहू, रुसलेत म्हणून लिहा. आमच्याकडं लग्नात व्याही रुसतो अन् पंगतीला परत येतो."

साहेबांनी चष्मा पुसला अन् 'गेले' असंच लिहिलं.

भाऊ निघाले रुसवा काढायला. फेटा, शाल, नारळ, संगट गावची वडीलधारी मंडळी. मीबी होतो. सरांनी फेटा बांधून घेतला, चहा पाजला, फोटो काढू दिला. जाहिरातीचा विषय निघाला की म्हणायचे, फेटा लई झकास बसलाय. जाहिरातीविनाच आम्ही परत निघालो. मला लई वाईट वाटलं.

शेअर बाजारात उतरायचा दिवस आला. ऑफिसात पेढे आणलेले, चुलते पुढच्या खुर्च्यांवर. कॉम्प्युटरवर भाव उघडला तो आम्ही विकलेल्या किमतीच्या बराच खाली. मोठी जाहिरात गेली, दुसरं काय होणार, असं जो तो पुटपुटायला लागला. पेढ्याला कुणी हात लावेना. चुलते भाऊंकडं बघत होते अन् भाऊ जमिनीकडं.

तेवढ्यात सरांचा फोन आला. भाऊंनी स्पीकरवर टाकला. सर म्हणाले, भाव पडलेला दिसला म्हणून त्यांनी आत्ताच घसघशीत शेअर घेतले. भाऊ काही बोलायच्या आत सरांचा आवाज चढला.

"भाऊ, आता मीबी मालक हाय. आजचं पहिलं पान उघडून बघायलोय. माझ्याच पेपरात माझी जाहिरात कशी काय न्हाई?"