मागे बसणारे मामा

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या गोदामात मी फोर्कलिफ्ट चालवतो. मशीनच्या पाटीवर मर्यादा दोन टन लिहिली आहे. पन्नास किलोची गोणी धरली तर एका पॅलेटवर, म्हणजे मशीन खालून उचलतं त्या लाकडी फळीवर, चाळीस. आम्ही बेचाळीस लावायचो, ट्रक लवकर भरावा म्हणून. पुढच्या वजनाने मागची चाकं जमीन सोडू लागली की आमच्यातले सगळ्यांत जाडजूड हमाल, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते मशीनच्या मागे चढून बसायचे. त्यांचं वजन ब्याण्णव किलो, गोदामाच्याच काट्यावर केलेलं. पुढे शंभर जास्त, मागे ब्याण्णव. मला हिशोब बरा वाटायचा.

मागच्या वर्षी मालकांनी सुरक्षेचं दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. पास होईल त्यालाच कार्ड, नाही तर मशीन सोडून हमाली. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माझ्या कमरेला ही गंमत नव्हती. शिकवायला एक बाई आल्या होत्या. वर्गात मी माझा हिशोब त्यांच्यापुढे मांडला. त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि मामा मधेच उतरले तर?"

"उतरतोच की," मामा मागून म्हणाले. "तंबाखू थुंकायला. मशीनवर बसून थुंकू का, मॅडम?"

सगळे हसून लोळले. मला हसू आलं नाही. ते मधेच उतरतात हे मला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. बाईंनी मुद्दाम बेचाळीस गोण्या लावून ठेवल्या होत्या. मी बसलो तोच मागे ओळखीचा धक्का बसला. मामा चढले होते.

"मामा, उतरा."

"आं? तुझी परीक्षा हाय म्हणून तर जल्दी आलो!"

"बिलकुल नको. उतरा."

"लई मोठा साहेब झाला रे तू!"

ते उतरले. मी दोन गोण्या कमी करायला सांगितल्या, तर कोणी पुढे येईना. शेवटी मामांनीच त्या एकेक करून पाठीवर घेतल्या आणि थप्पीवर अशा आपटल्या की बाई दोन पावलं मागे सरकल्या. मग मी चाळीस गोण्या उचलल्या आणि पुढचं दिसत नव्हतं म्हणून रिव्हर्समध्ये, हॉर्न देत, सावकाश नेल्या.

कार्ड हातात येईपर्यंत मामा माझ्याशी बोलले नाहीत. कार्ड मिळाल्यावर मात्र लगेच आले. कार्ड घेऊन त्यावरचा फोटो उजेडात धरून पाहिला.

"कार्ड तुझं," ते म्हणाले, "पण पास मी केलं तुला. मी उतरलोच नसतो, मंग?"

मला यात चूक सापडली नाही. चहा मीच पाजला.