उसनी पोरं

शर्टांच्या कारखान्यात प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे मालक-मालकीण भांडत होते आणि अलीकडे आत्या शर्टांचा गठ्ठा उराशी धरून खांबासारखी उभी होती. आत जावं तर पंचाईत, मागे फिरावं तर पाय निघेना.

“बायकांच्या पोरांना वेगळी खोली, खोलीला खिडकी, वर सांभाळायला बाई! तपासणीचा साहेब सांगून मोकळा झाला,” मालक ओरडले.

“मग बांधा की खोली! आपला धाकटासुद्धा त्या पोरांबरोबर कापडाच्या टेबलाखालीच झोपतो.”

“शेजारच्या कारखान्यांनी काय केलं माहीत आहे? पोरंवाल्या बायकाच काढल्या. बाई नाही तर पोर नाही, पोर नाही तर खोली नाही. मी एकटाच शहाणपणा करत बसू?”

“दुसऱ्याचं बोट धरून चालायला तुम्ही काय रांगतं मूल आहात?”

आत्याच्या हातातला गठ्ठा एकाएकी जड झाला. तिची लेकही त्याच टेबलाखाली झोपली होती, आणि नवऱ्याची छाती अधू झाल्यापासून घर तिच्या सुईवर चाललं होतं.

आत्या म्हणजे काजं करणारी. कारखान्यातले लहानथोर तिला आत्याच म्हणायचे. खिडकीजवळची जागा तिची. मेण लावलेला दोरा घेऊन ती शर्टांची काजं विणायची आणि प्रत्येक काजावरून अंगठ्याचं नख फिरवायची. नख अडलं नाही, तरच शर्ट पुढे. काय दिवस होते ते! कापड कापायच्या लांबलचक टेबलाखाली वेताच्या करंड्या, तळाशी मऊ चिंध्या, वर पोरं. प्रत्येक करंडीची नाडी आईच्या पायाच्या अंगठ्याला. हात शिवायचे, पाय झोका द्यायचा. एखादीचं पोर रडलं की इस्त्रीवाली ओरडायची, “अगं, पाय झोपला का तुझा?”

तपासणीचा साहेब येणार म्हटल्यावर इतर कारखान्यांतल्या बायकांनी पोरं लपवली होती. आत्याला वाटलं, आपण इतकी छान सांभाळतो, लपवायचं कशाला? चांगली शाबासकी मिळेल! तिनेच सगळ्यांची तोंडं धुतली, भांग पाडले, करंड्या दारासमोर रांगेत मांडल्या. साहेबाने एकेकाच्या गालाला हात लावला आणि जाताना सगळ्याच कारखान्यांना वेगळ्या खोलीचा हुकूम सोडला. साहेब काही वाईट नव्हता हो. पोरं टेबलाखाली नसावीत, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण नियम पोरांच्या भल्याचा आणि पाय पडला आयांच्या पोटावर.

भांडणात मालकीण हरली. पोरंवाल्या बायका निघाल्या, त्यात आत्याही.

मग ती दारोदार फिरली. प्रत्येक कारखान्याच्या दारावर एकच प्रश्न, “लहान मूल आहे का?” नाही म्हणायची सोयच नव्हती, लेक कडेवर बसून विचारणाऱ्याच्या मिशा ओढायची. शेवटी आत्याने घरीच काजं करायला घेतली. ज्या बायका ‘मूल नाही’ सांगून कामाला लागल्या, त्यांची पोरं तिच्याकडे राहू लागली. तीच करंडी, तीच नाडी. फक्त खिडकी नव्हती. कारखान्यातला तो उजेड तिला फार आठवायचा.

लेक मोठी झाली, आईसारखीच काजं करू लागली. तिला मूल झालं, आणि तिलाही दारावर तोच प्रश्न आला.

अशात एका संध्याकाळी जुन्या मालकांचा तो धाकटा घरी आला. आता तोच मालक होता.

“आत्या, परदेशातली गिऱ्हाईकं उद्या येताहेत. पोरांसाठी खोली असेल तिथेच ती माल घेतात. सगळ्यांनी बांधल्या, मीही बांधली. भिंतीवर बदकंसुद्धा काढलीत. पण आत पोरंच नाहीत. एका दिवसापुरती उसनी द्या ना.”

“पोरं म्हणजे काय वाटीभर साखर आहे?”

“असं काय करता, आत्या!”

“तू माझ्या पायाच्या झोक्यावर झोपलायस, म्हणून देते. पण पोरं आयांसकट येतात. आणि एका दिवसासाठी मुळीच येत नाहीत.”

“मग तुम्हीही चला, खिडकीजवळ बसा.”

त्या जागेची आत्याने किती वाट पाहिली होती!

“माझे डोळे मंद झाले रे आता. माझ्या लेकीला बसव.”

त्याने डोकं खाजवलं. “शेजारच्यांनी काय केलंय, ते बघून सांगू का?”

“त्यांना काय विचारतोस? त्यांच्याकडच्या बायकांची पोरंही माझ्याकडेच आहेत.”

त्याला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी पोरं गेली, आया गेल्या, आणि गिऱ्हाईकं परतल्यावरही तिथेच राहिल्या. लेक खिडकीजवळ बसली.

त्यानंतर दर सोमवारी आत्या धुतलेल्या मऊ चिंध्यांची पिशवी घेऊन कारखान्यात जायची. तिच्या आयुष्यातल्या शेवटच्या सोमवारीही गेली. “दारातून बाजूला हो रे, भिंत आहेस का?” असं वॉचमनला दटावलं, बदकांखालच्या फळीवर चिंध्या रचल्या आणि लेकीपाशी येऊन तिच्या हातातल्या शर्टावर नख फिरवलं.

“इथे दोरा सैल आहे.”

“कुठे गं, आई?”

आत्याने शर्ट खिडकीच्या उजेडात धरला, पुन्हा नख फिरवलं. अडलं नाही. तिने शर्ट पुढच्या गठ्ठ्यावर ठेवला, रिकामी पिशवी काखेत मारली आणि घरी निघाली.