खोट्या ओरडीचा चहा

आमच्या इथे ओरडायचीही एक रीत आहे. ती आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

कुरखेड्याकडचं गाव आमचं. मोहल्ला गावाच्या शेवटी अन् माझं घर मोहल्ल्याच्या शेवटी. मागच्या कुंपणापलीकडे धानाची बांधी, बांधी संपली की जंगल. तिथून डुक्कर येतं, अस्वल येतं, आता तर पट्टेवाला वाघही फेरी मारून जातो. म्हणून इथे कोणी ओरडलं की ऐकणाऱ्याने हातातलं टाकायचं, काठी घ्यायची अन् पळायचं. कोण ओरडलं, काऊन ओरडलं, त्या घराशी आपलं बोलणं आहे की नाही, हे सगळं मागून.

लग्न होऊन आले तेव्हा सासूने चूल दाखवायच्या आधी मला हे सांगितलं. "रडाचं असन तं रड, भांडाचं असन तं भांड. पन ओरडाचं नाई. ओरड सांभाळून ठेवाची." लेकरांनासुद्धा आम्ही खेळात किंचाळू देत नाही. पडा, भोकाड पसरा, पण किंकाळी नको.

आणि कोणाची ओरड खोटी निघाली तर दंड आहे. दंड म्हणजे चहा. जितके धावून आले तितक्यांना पाजायचा. आमच्या घरधन्याने एकदा दोरीवर वाळत टाकलेली काळी घोंगडी बघून "अस्वल, अस्वल" केलं होतं. त्याचीच घोंगडी बरं का, त्यानेच वाळत टाकलेली. मोहल्ल्याने चहा पिला आणि तो जाईपर्यंत त्याला विचारत राहिले, "भाऊ, घोंगडी चावली तं नाई?"

आता तो नाही. पोरगा नागपूरला. मी एकटी राहते, अन् मजेत राहते. पण माझ्याजवळ ना कुत्रं, ना बंदूक, मोबाइलला रेंज पाहिजे तर चिंचेखाली जाऊन उभं राहावं लागतं. माझ्याजवळ आहे ती एक ओरड. ती खरी धरली गेली तर मी सुखरूप, एवढा साधा हिशेब.

आणि यंदा मोहफुलाच्या दिवसांत माझी नात आली लॅपटॉप घेऊन.

कॉलेजात शिकते. ती आणि तिचे मित्र मिळून भुताचा गेम बनवून राह्यले होते. बनवायचं काम त्यांचं, खेळून बघायचं हिचं. कुठे भीती वाटते, कुठे नाही, ते लिहून कळवायचं. मी म्हटलं, बस माजघरात, थंड आहे. तिने दार लावलं, खिडकीवर माझं लुगडं टाकलं, कानावर ते मोठे हेडफोन चढवले. मी आंगणात मोहफुलं पसरत होते.

आणि आतून अशी किंकाळी आली की माझ्या हातची टोपली फुलांसकट उलटी.

मी दारापर्यंत पोचले नाही तर मोहल्ला पोचला. सगळ्यांत पुढे शेजारचे भाऊ. वयाने माझ्याएवढे, तोंड कडू, पण पाय अजून हरणाचे. कुंपणाच्या वादावरून दिवाळीपासून माझ्याशी बोलत नव्हते, तरी काठी घेऊन पहिले तेच. मागून समोरच्या घरची बाई मुसळ घेऊन. तिच्यामागे बाकीचे.

"कुठी हाय? कुठी गेलं?"

माजघराचं दार उघडलं. नात बाहेर आली, गळ्यात हेडफोन, अन् एवढी माणसं बघून आम्हालाच विचारते, "काय झालं? कोण ओरडलं?"

"तूच ओरडली नं व पोरी!" मुसळवाली म्हणाली.

"मी? अरे यार... सॉरी काका. गेम होता. जंप स्केअर."

"काय होतं?"

"म्हणजे ते अचानक समोर येतं ना. भूत."

"कुठून?"

"कपाटातून."

भाऊ आत शिरले आणि माझं कपाट उघडून बघितलं. खरंच सांगते. आत माझी लुगडी अन् लोणच्याची बरणी.

"या कपाटातून नाही काका, गेममधल्या."

भाऊंनी काठी टेकवली, माझ्याकडे न बघता ओसरीवर बसले आणि समोरच्या भिंतीला म्हणाले, "चहा मांडा म्हणावं."

मी मांडला. दुसऱ्या दिवशीही मांडला. त्याच्या पुढच्याही. नात बिचारी तोंड दाबून बघायची, ओढणी चावून बघायची, पण कपाटातली ती बाई आली की हिची किंकाळी सुटायचीच. आणि रीत ती रीत. मोहल्ल्यातले रागावत, कुरकुरत, पण येत. साखर संपली. गुळाचा केला. पुढे मुसळवाली म्हणाली, "बाई, तुमच्याकडे पेले पुरत नाई, आमी आपापले आनतो." आणि खरंच आणायला लागले! काठ्या कमी झाल्या, पेले वाढले. तिथे मला पहिल्यांदा माझ्या ओरडीची काळजी वाटली.

मी नातीला म्हटलं, "तुमच्या नागपूरले का नाई ओरडत तू?"

"तिथं ओरडलं की वरचे लोक पाय आपटतात. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकतात. म्हणून तर इथं आले आजी. इथं कोणाला त्रास?"

"अन् पाहाले कोनी नाई येत? पोरगी काऊन ओरडली म्हनून?"

"कशाला येतील?"

मी उठले आणि उद्याच्या चहाचा गूळ काढून ठेवला.

संध्याकाळी चिंचेखाली तिची मित्रांशी फोनवर भांडणं चालत. एक पोरगा म्हणायचा, जंप स्केअर फालतू आहे, कानाजवळ फुगा फोडला तरी माणूस उडतो, त्यात काय कला? दुसरी पोरगी म्हणायची, लोकांना तेच पाहिजे, चालतो म्हणून तर सगळे घालतात. आमची मधे. शेवटी म्हणाली, "आजी, तू खेळून बघ. तुझं मत सांग."

मला काय हौस! पण बसले. पानाचा डबा मांडीवर घेऊन बसले. एक जुनं रेस्ट हाऊस, लांबच लांब व्हरांडा, टोकाला कपाट. तिने आधीच सांगितलं, कपाट उघडलं की बाई येणार. मी म्हटलं, येऊ दे. व्हरांड्यातून चालताना सगळं चूप झालं, रातकिडेसुद्धा, आणि मी मागे वळून आपलंच दार बघून घेतलं. मग कपाट उघडलं, ती आली केस मोकळे सोडून, अन् माझा डबा उडाला. सुपारी घरभर.

"चालतो!" नात टाळ्या वाजवते.

सुपारी वेचून पुन्हा बसले. आता तर बघितलेलं होतं. तरी उडाले. तिसऱ्यांदा डबा आधीच खाली ठेवला, तरी उडालेच. वैताग आला मला स्वतःचा. अंगाला अक्कल म्हणून नसते.

तेव्हा माझं मत तिला सांगितलं ते असं. चालतो का, तर चालतो, मी खोटं कशाला बोलू. पण खरं भ्याले मी त्या व्हरांड्यात. ती बाई आली की सुटका होते, झालं एकदाचं, असं वाटतं. तुमची बाई भीती घालायला येत नाही, घालवायला येते. आणि केस तरी बांधा म्हणावं तिचे, डोळ्यांत जाऊन राह्यले.

तिने हे सगळं लिहून घेतलं, केसांचं सोडून. पण तिचं ओरडणं काही त्याने थांबलं नाही.

मग तो दिवस आला. चहा पिऊन झाला आणि शेजारच्या भाऊंनी पेला उपडा ठेवला. भिंतीशी नाही, माझ्याशी बोलले, दिवाळीनंतर पहिल्यांदा.

"बाई, आता आमी येनार नाई."

"अशे कशे म्हनता भाऊ?"

"मोह वेचाचे दिवस हाय. मानूस कामातून उठून येते. अन् इथी काय, तं कपाट! आता तुमच्या घरून ओरड आली तं आमी समजून घेऊ, पोरगी खेळून राह्यली."

"अन् मी ओरडली तं?"

"आमाले कसं समजन, कोन ओरडलं?"

बरोबर होतं त्यांचं, तेच तर लागलं मला. नात जाणार होती नागपूरला परत. मी इथेच राहणार होते, या कुंपणाशी, अन् माझी ओरड एका कपाटातल्या बाईने खाऊन टाकली होती.

त्या रात्री मी नातीला खूप बोलले. ती म्हणाली, "आजी, आता शेवटचं व्हर्जन राहिलंय. उद्या बघते आणि संपलं." मी म्हटलं, मले सांगू नको. आणि अबोला धरला. जेवायला वाढलं तेही न बोलता.

आता माझं तोंड किती चालतं हे वाचणाऱ्याला समजलंच असेल. ते उगाच नाही. जंगलाच्या कडेला माणसाने बोलत चालावं, खाकरत चालावं, म्हणजे अस्वलाला कळतं कोणी येतंय, ते बाजूला होतं. दचकलेलं अस्वल वाईट. मी रोज मागच्या आंगणात जाते ती बडबडत जाते, कोंबड्यांशी, चुलीशी, गेलेल्या घरधन्याशी. त्या दिवशी मात्र मी रागात होते, तोंडाला कुलूप. ऊन उतरल्यावर मोहफुलं गोळा करायला गेले तशीच मुक्याने.

फुलांवर ते बसलेलं होतं.

काळं, पाठ माझ्याकडे. लहान लेकरू परातीत बसावं तसं माझ्या लुगड्यावर पसरलेल्या फुलांत बसलं होतं आणि चपाचपा खात होतं. एका क्षणाला वाटलं घोंगडीच आहे. घोंगडी चपाचपा करत नाही.

काही झालं नाही. कोणी अंगावर उडी मारली नाही, काही वाजलं नाही. तो सगळा व्हरांडाच होता, कपाट उघडतच नव्हतं. ओरडावं तर भाऊंचं बोलणं कानात. कोणी येणार नाही, वर ते दचकेल. मागे सरावं तर पायाखाली वाळलेली पानं. मी टोपली पोटाशी धरून उभी राहिले. इतकी एकटी मी त्या घरात कधीच नव्हते, अन् नात तर आतच होती, दारामागे, कानावर ते डबे चढवून.

आणि ती ओरडली.

बापा! शेवटचं व्हर्जन. सगळ्यांत मोठी किंकाळी. अस्वलाने मान उचलली, घराकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोंडाला फूल चिकटलेलं. मी मनात म्हटलं, झालं. मेली ओरडली तीही गेमसाठी, आता कोण येतं?

कुंपणाचं फाटक वाजलं.

"येऊन राह्यलो, येऊन राह्यलो! आज गूळ नको म्हनावं, साखरेचाच पायजे..."

शेजारचे भाऊ. हातात काठी नाही, स्टीलचा पेला. मागे मुसळवाली, तिच्या हातात पेला. मागे बाकीचे, सगळ्यांच्या हातात पेलेच. आंगणाच्या कोपऱ्यावर आले आणि जागच्या जागी थिजले. भाऊंचं तोंड उघडं ते उघडंच. अस्वल दोन पायांवर उभं राहिलं, अन् इकडे एवढी माणसं पेले पुढे करून उभी. जसं काही तेच चहा वाढणार आहे.

मग भाऊंनी तो पेला न्हाणीच्या टिनावर हाणला. टणटण, टणटण. मुसळवालीने हाणला. सगळ्यांनी हाणले. काय तो कल्लोळ! अस्वलाने एकदा फुलांकडे बघितलं, त्याचा जीव काही त्यांतून निघत नव्हता, आणि मग चारी पायांवर येऊन धबधबा धावत कुंपणाच्या मोडक्या जागेतून बांधीत उतरलं. ज्या जागेवरून आमचा वाद होता, तिथूनच.

तेव्हा कुठे नात बाहेर आली. गळ्यात हेडफोन.

"सॉरी काका, सॉरी! पुन्हा ओरडले का मी?"

मी खाली बसले आणि हसू लागले, मग रडू लागले, मुसळवालीने पाठीवर हात ठेवला. नातीला समजल्यावर ती पांढरी पडली. मला अशी बिलगली की सोडेना.

चहा साखरेचा झाला. मुसळवालीने स्वतःच्या घरून आणली. रीतीप्रमाणे ओरड खरी होती की खोटी, यावर वाद झाला. ओरडणारी खोटी, कारण खरं, मग दंड कोणी भरायचा? मिटलं नाही.

मी भाऊंना विचारलं, "तुमी तं येनार नाई म्हनले होते."

त्यांनी पेला फिरवून बघितला. पेल्याला पोचे पडले होते.

"मंग काय करता? ओरड आली की पाय उठतेच. डोक्यानं म्हटलं नको जाऊ. पायाले कोन समजावन?"

"अन् काठी?"

"काठीचं डोक्यानं ठरवलं होतं."

मला एवढं पुरलं. त्या कपाटापुढे मी तीनदा उडाले होते तशीच यांचीही गत. अंगाला अक्कल नसते, हे मी वैतागून म्हटलं होतं. आता त्याच्यासारखं बरं काही नाही असं वाटतं.

नात गेली नागपूरला. तिच्या त्या गेममध्ये आता अस्वल आलंय म्हणे. चिंचेखाली उभी राहून फोनवर ऐकलं तर ते डरकाळी फोडून कपाटातून बाहेर उडी मारतं. मी म्हटलं, अगं पोरी, ते गप बसून खात होतं, त्याचीच तं भीती. ती म्हणते, "आजी, तसं केलं तर लोकांना वाटतं गेम अडकलाय." करा बाई काय करायचं ते.

कुंपण भाऊंनी अन् मी मिळून बांधलं, बांधताना भांडलो. पुढे त्यांनी आपल्या बाजूच्या खांबाला खिळा ठोकला, त्यावर तो पोचे पडलेला पेला अडकवला, आणि खाली काठी टेकवून ठेवली. मी विचारलं, दोन्ही कशाले?

"तुमचं काय सांगता येते बाई," म्हणाले. "जे लागन ते उचलून येऊ."