कुलपातली ब्लँकेटं

कुंता भानारकरला पगारवाढ नको होती असं कोणी म्हणालं तर साफ खोटं आहे. पगार कोणाला नको असतो, सांगा! पण त्या वर्षी तिने जी खुर्ची हट्टाने मागून घेतली, त्या खुर्चीत पगार नव्हता, नुसती झंझट होती. म्हणून तर अख्ख्या दवाखान्याने तिला वेड्यात काढलं.

कुंता मूळची सिंदेवाहीकडची. बाप तलावावर मासे मारायचा. पोरगी चंद्रपुरात राहून नर्सिंग शिकली आणि गडचिरोलीच्या जंगलातल्या एका तालुक्याच्या गावी, ग्रामीण रुग्णालयात लागली. दोन-चार वर्षांत बदली करून घेऊ म्हणत म्हणत वीसच्या वर वर्षं तिथेच गेली. नवरा देवानंद आठवडी बाजारात मासोळ्या विकतो. प्रसूती वॉर्डात येणाऱ्या बायांशी बोलता बोलता कुंता गोंडी शिकली, आणि आता तर ती झोपेतही गोंडीत रागावते, असं देवानंद सांगत असतो.

सरकारी नर्सची शिडी समजायला सोपी आहे, चढायला नाही. सगळ्यात खाली अधिपरिचारिका, म्हणजे आपली स्टाफ नर्स. तिच्यावर परिसेविका, जिला सगळे इन्चार्ज सिस्टर म्हणतात. वॉर्ड तिच्या ताब्यात. मग सहायक अधिसेविका, आणि शेवटी अधिसेविका, म्हणजे मेट्रन. आता वरची जागा रिकामी झाल्याशिवाय खालची वर जात नाही, आणि वरची रिटायर होईस्तोवर खालचीचे केस पिकतात. म्हणून सरकारने आश्वासित प्रगती योजना काढली. दहा वर्षं झाली, वीस झाली, तीस झाली, की काम तेच, पद तेच, पण पगार वरच्या पायरीचा. शिवाय या जंगलपट्टीत आहात तोवर एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची वेतनश्रेणी. नागपूरला बदली करून गेलात की ती इथेच सोडून जायची.

कुंताला वीस वर्षांचा लाभ मिळालेला होता. म्हणजे पगाराच्या कागदावर ती कधीच वर चढलेली होती, फक्त खुर्ची खालची होती. अशात प्रसूती वॉर्डाची इन्चार्ज शकुबाई रिटायर व्हायला आली, आणि सेवाज्येष्ठतेत कुंताचं नाव वर आलं. पदोन्नतीच्या समुपदेशनाला, म्हणजे रिकाम्या जागांतली एक निवडायला, नागपूरला या, असा निरोप आला.

"नकार लिहून दे अन् मोकळी हो," अंजनाबाई म्हणाली. ही तिच्यासोबतची स्टाफ नर्स, वयाने मोठी. "पगार तं वाढतच नाई. वरून स्टॉक तुह्या गळ्यात. चादर हरपली, भर. थर्मामीटर फुटलं, भर."

"तुमी तं नकार देला होता ना बाई? मंग?"

अंजनाबाईने तोंड वाकडं केलं. तिने ऐन वीस वर्षांच्या आधी पदोन्नती नाकारली होती, आणि पदोन्नती नाकारणाऱ्याला आश्वासित प्रगतीचा लाभ नाही, हा नियम तिला लाभ अडकल्यावर कळला होता. "माही गोष्ट सोड," ती म्हणाली. "तुले तं दोन लाभ भेटले आहेत ना!"

घरी देवानंदचंही तेच. "पगार तोच अन् डोक्याले ताप डबल. असा धंदा कोन करते व? मी तं मासोळी बी अशी विकत नाई."

"मले किल्ली पाह्यजे," कुंता म्हणाली.

 कोणती किल्ली ते देवानंदला ठाऊक होतं.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. आतल्या एका जंगलगावाहून लालसू आपल्या बायकोला, रुखमाला, घेऊन आला होता. पोरगा झाला, चांगला रडला. पण थंडी अशी की फरशीवर पाय ठेववत नव्हता. वॉर्डाच्या भिंतीत लोखंडी कपाट, कपाटात नवीकोरी लाल ब्लँकेटं, आणि कपाटाची किल्ली शकुबाईच्या कमरेला. कुंताने मागितली. शकुबाई म्हणाली, "थे तपासणीसाठी आहेत. वापराले काढली का गेली समज." सोबत आलेल्या लालसूच्या आईने मग त्यांच्या घरी करतात तसं केलं. व्हरांड्यात चार काटक्या पेटवल्या आणि बाळंतिणीला, लेकराला शेकायला बसवलं. झालं! गार्ड धावला, बादलीभर पाणी ओतलं, आरडाओरड झाली. सकाळी वॉर्डात रुखमाची खाट रिकामी होती. ओली बाळंतीण जंगलाच्या वाटेने चालत गेली. दोन दिवसांनी लेकरू गारठून परत आलं आणि कुंताने ते आपल्या छातीशी धरून गाडीने जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. जगलं, पण कसं जगलं ते तिलाच माहीत. तेव्हापासून ती किल्ली तिच्या डोक्यातून गेली नव्हती.

आणि शकुबाई काही राक्षसीण नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. तिच्या आधीच्या इन्चार्जची पेन्शन चादरींपायी अडकली होती. ती बाई म्हातारपणी दवाखान्याच्या दारात चकरा मारताना शकुबाईने पाहिली होती. तिथून जी धास्ती बसली, ती बसलीच. चादरी तर जातच होत्या. सुट्टी मिळून घरी निघालेल्या बाळंतिणीची थैली शकुबाई स्वतः फाटकाशी उघडायला लावायची, आणि गुंडाळी करून कोंबलेली चादर निघाली की सगळ्यांसमोर म्हणायची, "चोरट्या कुठल्या!" बाया खाली मान घालून उभ्या राहायच्या.

कुंता नागपूरला गेली. समुपदेशनात पडद्यावर रिकाम्या जागा लावल्या होत्या. तिचा नंबर आला तेव्हा टेबलाजवळच्या साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि समजुतीने म्हटलं, "मॅडम, तुम्ही आहात तिथलीच जागा? शहराजवळची दुसरी रिकामी आहे की."

"तिथलीच," कुंता म्हणाली.

आदेश घेऊन ती परतली, आणि खरी कुस्ती इथून सुरू झाली. कारण चार्ज घेणं म्हणजे सही. या वॉर्डाची रीत अशी, की जाणारी इन्चार्ज म्हणते सगळं बरोबर आहे, येणारी म्हणते बरोबर आहे, आणि न मोजता सही होते. एकीची तूट दुसरीच्या गळ्यात, दुसरीची तिसरीच्या. कपाटातली ब्लँकेटं तेवढी मोजून दाखवायची, कारण कागदाशी जुळणारी तीच एक वस्तू उरली होती.

शकुबाईने कागद पुढे केला. "कर सही."

"मोजल्याबिगर नाई करत, बाई."

"अव माय! मी मोजून घेतलं होतं काय?"

"नाई घेतलं. म्हणूनच तं आज कपाटाले कुलूप आहे."

शकुबाई खुर्चीत बसली आणि रडायला लागली. "माही पेन्शन अडकवून राह्यली तू. इतके वर्षं सोबत काढली, अन् जाता जाता माह्या ताटात माती कालवते?"

कुंताला वाईट वाटलं. फार वाटलं. या बाईनेच तिला पहिली अडलेली बाळंतीण सोडवायला शिकवलं होतं. पण आज सही केली असती तर उद्या तीही फाटकाशी थैल्या उघडत बसली असती, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"पेन्शन नाई अडकू देत," ती म्हणाली. "पन खोटी सही बी नाई करत. चला, मागची खोली उघडा."

मागच्या खोलीत पोती होती. फाटलेल्या, डागाळलेल्या, विरलेल्या चादरी, कोणी कधी बाद न केलेल्या. बाद करायचं म्हणजे निर्लेखन. त्याला समिती बसावी लागते, आणि समिती बसवायला डॉक्टरसाहेबांना वेळ नसतो. मग फाटकी चादर कागदावर नवीच राहते. कुंता रोज ड्यूटी संपली की पदर खोचून पोती उपसायची. पहिल्या दिवशी शकुबाई दाराशी नुसती उभी राहिली, दुसऱ्या दिवशी ती पण खाली बसली. अंजनाबाई नाकाला रुमाल लावून येऊन गेली, आणि मग "सरका जरा" म्हणत तीही चादरी झटकू लागली.

डॉक्टरसाहेबांच्या दाराशी कुंता रोज जाऊन उभी राहायची. "उद्या पाहू." बरं. "परवा." बरं. ती हलायची नाही. शेवटी वैतागून त्यांनी समिती बसवली. फाटकं सगळं रीतसर बाद झालं. जे खरंच गेलं होतं ते गेलं म्हणून लिहिलं, त्याची थोडी भरपाई शकुबाईला करावी लागली, आणि त्यावरून ती कुंताशी जाताना बोलली नाही. पण तिची पेन्शन सुटली. निरोपसमारंभात कुंताने दिलेलं लुगडं तिने घेतलं आणि मान फिरवली.

किल्ली कमरेला लागताच कुंताने कपाट उघडलं. ब्लँकेटांना डांबरगोळ्यांचा वास येत होता. दुपारपर्यंत सगळी व्हरांड्यातल्या उन्हात पडली आणि संध्याकाळी खाटांवर गेली.

राहिल्या चादरी. त्या का जातात, हे कुंताने पुढच्याच एका बाळंतिणीच्या सासूला गोंडीत सरळ विचारलं. थैली नाही उघडली. म्हातारीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हीच काय ती अडाणी. लेकरू जन्मल्यावर ज्या फडक्यात गुंडाळलं, ते फडकं परक्याच्या घरी सोडून जायचं? लेकराच्या मागे लेकराचं काही राहू द्यायचं नसतं! आणि इथे तर लेकराला चादरीच्या टोकातच गुंडाळतात. मग पूर्ण चादर न्यावी लागते, नाही तर म्हातारीला ते ओझं कशाला हवं होतं?

कुंता कपाळाला हात लावून हसली. इतकी वर्षं गोंडी बोलली, पण हा प्रश्न कधी तोंडातून निघाला नव्हता.

बाद झालेल्या चादरींतला चांगला भाग कापून तिने चौकोनी फडकी केली, शिवून, उकळून, निर्जंतुक करून ठेवली. लेकरू झालं की पहिलं फडकं ते, आणि घरी जाताना ते त्याचंच. फाटकाशी थैल्या उघडणं बंद झालं. चादरी खाटेवर राहायला लागल्या. डॉक्टरसाहेबांनी एकदा विचारलं, हे कोणत्या नियमात बसतं? कुंता म्हणाली, बाद झालेल्या कापडाचं आहे साहेब, नाही तर पोछाच होणार होता.

पुढच्या हिवाळ्यात शकुबाई आली. सून दीपाली पोटुशी होती, कळा सुरू झाल्या होत्या. कुंताशी अजून अबोला होता, पण दुसरा दवाखाना जवळ नव्हता. पहाटे नातू झाला. शकुबाई स्टुलावर बसून वॉर्ड न्याहाळत राहिली. प्रत्येक खाटेवर लाल ब्लँकेट होतं. एकदा तिचा हात सवयीने कमरेकडे गेला आणि रिकामा परत आला.

सुट्टीच्या दिवशी कुंता कागद घेऊन खाटेपाशी आली तर शकुबाई पाठमोरी, घाईघाईने थैलीत काहीतरी कोंबत होती. चाहूल लागताच दचकली. थैलीच्या तोंडातून फडक्याचं टोक बाहेर राहिलं होतं.

"लपवता काऊन बाई? थे तं तुमचंच आहे," कुंता म्हणाली.

"माह्या नातवाचं पयलं फडकं आहे ना व," शकुबाई म्हणाली. "इथी कसं सोडून जाऊ?" आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. ती खाटेच्या कडेवर बसली. डोळ्यांना पदर लागला. "किती जनीच्या थैल्या उघडल्या व मी, कुंते. किती जनीले चोर म्हटलं."

कुंताने फडक्याचं टोक आत सारून थैलीची चेन लावून दिली. मग दीपालीच्या खाटेवरचं ब्लँकेट उचललं आणि शेजारी टाकलेल्या जादा खाटेवर नुकत्याच आलेल्या बाईच्या पायांवर नीट पसरलं.