पातेल्यात न उकळलेली होडी

घरी होडी बांधली की किस्से आपोआप साठतात. आमच्या होडीचे इतके साठलेत, की गंगापूर रोडच्या चहाच्या टपरीवर मी दिसलो की कोणीतरी म्हणतंच, "आलं जहाज." मीही हसतो. एक किस्सा मात्र तिथे सांगायची हिंमत झालेली नाही. तो शेवटी सांगतो, आधी बाकीचे ऐका.

*

पार्किंगमध्ये होडी बांधायची टूम माझी. सोबत पगारे, मनमाडचे रिटायर्ड रेल्वे गार्ड. आणि हात दौलत मिस्त्रीचे. मिस्त्रीनं जन्मभर किचन ट्रॉल्या केल्या. माझं ड्रॉइंग बघून त्यानं पहिला प्रश्न विचारला, "साहेब, हिला कप्पे किती?"

तिसऱ्या दिवशी बघतो तर होडीच्या बुडाला गोल, सुबक भोक!

"हे काय मिस्त्री?"

"पाणी निघायला. सिंकखाली ठेवतोच ना आपण."

"अहो, इथे पाणी बाहेरून आत येईल."

मिस्त्रीनं जरा विचार केला. "मग बूच लावतो."

हे मी अख्ख्या कॉलनीला हसून हसून सांगितलं. पुढे व्हिडिओत पाहिलं, तर खऱ्या होड्यांनाही असंच भोक आणि बूच असतं. ते मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

*

शीड शिवायला मंडपवाल्याकडे टाकलं. माप बरोबर, शिलाई पक्की, आणि खालच्या कडेला पिवळी झालर. "झालरीशिवाय बोडकं दिसतं हो," तो म्हणाला. पगारेंना ती इतकी आवडली की काढूच दिली नाही.

*

अगदी सुरुवातीला, प्लायवुड आलं त्या दिवशी मिस्त्रीनं तळहाताएवढा तुकडा कापला, त्यावर पेन्सिलनं फुली मारली आणि माझ्या हातात दिला.

"वहिनींच्या पातेल्यात तासभर उकळा. पापुद्रे सुटले तर माल परत."

मी तो घरी नेला आणि फ्रिजवर ठेवला. विसरलो नव्हतो, कंटाळा केला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं विचारलं.

"उकळला की. दोन तास. काही झालं नाही," मी ठोकून दिलं. खरं वाटावं म्हणून वर भर घातली, "पातेलं तेवढं काळं पडलं. बायकोनं डोकं खाल्लं."

मिस्त्री एवढंसं तोंड करून म्हणाला, "अरेरे. माझ्यामुळे झालं."

*

पगारेंच्या मेव्हण्याच्या द्राक्षबागेतल्या शेततळ्यात होडी सोडली. कॉलनीतली चार घरं जेवणाचे डबे घेऊन आलेली. मिस्त्री बायकोला घेऊन आला होता, नवा शर्ट घालून. पगारेंनी शिट्टी मारून हिरवा झेंडा दाखवला. होडी निघाली, झालर फडफडली, टाळ्या पडल्या.

मधोमध गेलो आणि बूड पुरीसारखं फुगलं. पापुद्रे सुटले, पाणी आत. पगारेंनी लाल झेंडा काढला आणि दोरानं मला ओढून घेतलं.

काठावर सगळे हसत होते. मी ओल्या पँटनं उभा. राग कोणावर काढणार? "ट्रॉलीवाल्याकडून होडी करून घेतली, माझीच अक्कल," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

मिस्त्रीनं खाली मान घातली. "माल तुम्ही उकळून बघितला होता साहेब. म्हणजे माझाच सांधा चुकला."

त्याची बायको माझ्याकडे बघत होती. एक वाक्य बोलायचं होतं मला. नाही बोललो.

पुढच्या महिन्यात कॉलनीतली त्याची दोन कामं गेली. "होडी बुडवली तोच ना?" असं लोक माझ्यासमोर म्हणायचे. मी मान हलवायचो.

*

मग एका रविवारी मिस्त्री घरी आला. हातात पिशवी, पिशवीत नवं कोरं स्टीलचं पातेलं.

"वहिनी, होडीपायी तुमचं पातेलं काळं पडलं होतं. मनाला लागून राहिलं होतं. हे घ्या."

माझी बायको संध्या गोंधळली. "कसलं पातेलं हो? माझं कुठलंच काळं पडलं नाही."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मग त्याची नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली. फ्रिजवर तो तुकडा तसाच होता, पेन्सिलच्या फुलीसकट.

"मग दुसऱ्या कोणाचं असेल, वहिनी," तो म्हणाला. पातेलं ओट्यावर ठेवलं आणि चपला घालून जिना उतरला.